काशीमिस्त्रींचा पंख

काशिनाथ मिस्त्रींना मोटारीत पुढे तोंड करून बसलेले मी कधीच पाहिले नाही. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ते गुडघे टेकत, सीटची पाठ छातीशी धरून तिच्यावर हनुवटी ठेवत आणि गाडी सुटली की मागे सरत जाणारा रस्ता पाहत राहत. पुढे तोंड केले की त्यांना गाडी लागे. भिवंडीजवळच्या कोन गावाच्या नाक्यापासून कल्याणच्या पुलापर्यंतही त्यांना सोसवत नसे. मध्येच उतरून उरलेली वाट ते पायी जात. पाठमोरे बसले की मात्र वेग कितीही असो, त्यांचा चेहरा झोपेतल्या माणसासारखा निवांत होई. एकदा मी त्यांना याचे कारण विचारले. ते म्हणाले, "येनारा रस्ता अंगावर येतो, मास्तर. गेलेला रस्ता काय करनार? तो बिचारा जातो."

मी तेव्हा भिवंडीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवीत होतो. वर्गाबाहेर चार माणसांत बोलायची वेळ आली की मी मागे सरकून उभा राही. अशा माणसाची आणि कोनच्या एका पत्रेकाम करणाऱ्या मिस्त्रीची गाठ पडली ती शाळेच्या पर्जन्यमापकामुळे. त्याचे नरसाळे गंजून फुटले होते. ते पिशवीत घालून मी कल्याणच्या रस्त्यावरच्या त्यांच्या शेडमध्ये गेलो. मिस्त्रींनी नरसाळे हातात घेऊन उजेडाकडे धरले, त्यातून एकदा आकाश पाहिले आणि विचारले, "ह्ये कशाला असतं?"

"पाऊस मोजायला."

"मोजून काय करता?"

"वहीत लिहून ठेवतो."

"मंग त्यो जास्ती पडतो का?"

शेडमध्ये जो तो हसला. मीही हसलो, पण कान तापले. मिस्त्री मात्र हसत नव्हते. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. मी चाचरत सांगितले की पाऊस वाढत नाही, पण गेल्या वर्षीपेक्षा या वर्षी किती, हे कळते; नाहीतर माणसाला जो पाऊस अंगावर पडतो तोच सर्वांत मोठा वाटतो. त्यांनी ते ऐकले, मान हलवली आणि नरसाळे दुरुस्त करून दिले. पैसे घेतले नाहीत. "वही ठेवनारा मानूस हाय," असे माझ्याबद्दल त्यांनी त्या दिवशी मनाशी ठरवले असावे, कारण पुढे जे घडले त्यात मला जी जागा मिळाली ती एवढ्याच गुणावर.

त्यांची शेड रस्त्याला तोंड करून होती आणि तिची पाठ खाडीकडे होती. दोन्ही बाजू उघड्या. खाडीवरचा वारा मागून आत येई, टांगलेल्या मडगार्डांना, दरवाजांना हळूच हलवून रस्त्याकडे निघून जाई, आणि पत्र्यांची ती मंद किणकिण दिवसभर चालू असे. मिस्त्रींचे वडील होड्यांची शिडे शिवत. घरची थोडी भातशेती होती. मिस्त्रींनी शिडाऐवजी पत्रा धरला. यंत्रमागांच्या शेडची छपरे, पाण्याच्या टाक्या, ट्रकची अंगे, ठोकर लागलेल्या मोटारी, जे येईल ते. ठोकलेला पत्रा सपाट झाला की नाही हे ते डोळ्यांनी पाहत नसत. मलमलीचा एक तुकडा त्यावर पसरीत आणि कापडावरून तळवा फिरवीत. कापडामुळे हात घसरतो आणि केसाएवढा उंचवटाही बोटांना कळतो. तळवा फिरत असताना त्यांचे डोळे मिटलेले असत. त्या वेळी कोणी हाक मारली तर ते ओ देत नसत, आणि त्यांची पत्नी भागीरथीवहिनी गिऱ्हाइकाला सांगे, "थांबा जरा. पत्र्याशी बोलनं चाललंय त्यांचं. मंग तुमचा नंबर."

एका गोष्टीविषयी ते फार कडक होते. त्यांच्या हातून गेलेल्या पत्र्यावर पाणी थांबता कामा नये. छप्पर असो, बॉनेट असो, दुकानावरची पडवी असो, काम संपले की ते तांब्याभर पाणी वर ओतीत आणि शेवटचा थेंब ओघळून जाईपर्यंत तिथून हलत नसत. आमच्याकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला हे समजेल. साचलेले पाणी म्हणजे त्यांना आळस वाटे, जवळजवळ पाप वाटे.

आणि दुसरे म्हणजे वारा. कापडाच्या गाठी घेऊन जाणारे ट्रक शेडपुढून दिवसभर जात. त्यांच्या ताडपत्र्यांना, फाळक्यांच्या खिळ्यांना सुताचे धागे अडकलेले असत. भिवंडीत सूत कुठे अडकत नाही? एके दिवशी मिस्त्रींनी मला रस्त्याच्या कडेला उभे केले आणि जाणाऱ्या ट्रकच्या पाठीकडे बोट दाखवले. "धागा बगा. गाडी फुडं चालली, तं धागा मागं उडाया पायजे. का न्हाय?" मी पाहिले. बाजूचे धागे मागे उडत होते. पण मागच्या फाळक्याच्या मधोमध अडकलेला धागा उलट पुढे वळून लाकडाला चिकटू पाहत होता, जणू तो ट्रकच्या आत शिरायची वाट शोधत होता. मी हवेच्या भोवऱ्यांविषयी पुस्तकात वाचले होते, शिकवलेही होते. पाहिले त्या दिवशी प्रथम. मिस्त्री म्हणाले, "वारा दमतो तिथं. मागं वळून बसतो." पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा हे मला अधिक बरोबर वाटले, पण तसे बोलण्याचा धीर झाला नाही.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरच्या हिवाळ्याची. गावात रशीदभाई नावाचे एक लूममालक होते आणि त्यांचा धाकटा भाऊ इम्तियाज याच्याकडे एक लाल गाडी होती. परदेशी बनावटीची, जुनी, दोनच माणसे बसतील अशी, छप्पर नसलेली. मद्रासकडे थंडीत होणाऱ्या मोटारींच्या शर्यतीत ती पळवायची, हे त्याचे स्वप्न होते. कल्याणच्या पलीकडे, मलंगगडाच्या बाजूला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली आणि पुढे ओसाड पडलेली एक धावपट्टी होती. तिच्यावर तो सराव करी. पावसाळ्याआधी एकदा मिस्त्रींनी ती गाडी रस्त्यावरून जाताना पाहिली आणि इम्तियाजला सांगितले, "मागून हलकी हाय ती. जपा." त्याने हसून सोडून दिले. पुढच्याच आठवड्यात धावपट्टीच्या टोकाला वळताना गाडीची मागची बाजू सुटली, गाडी भिंगरीसारखी फिरली आणि शेजारच्या शेतात जाऊन पडली. इम्तियाजच्या गळ्याजवळचे हाड मोडले.

हाड सांधले, गाडीही मिस्त्रींनी सरळ करून दिली. ती न्यायला दोघे भाऊ आले होते तेव्हा मी योगायोगाने शेडमध्ये होतो. रशीदभाई उंच, शांत गृहस्थ. त्यांनी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "मिस्त्री, ये मद्रास जाने की जिद छोडता नहीं. ठीक है. पण माझी एक शर्त आहे. तुमच्या तोंडून हाँ निघाली तरच गाडी जाईल. मेकॅनिकची हाँ नको, मुंबईवाल्यांची नको. तुमची."

"शेठ, मी पत्र्याचा मानूस. इंजिनातलं मला काय कळतं?"

"इंजिन से कौन मरता है? लोग मोड पे मरते हैं. और मोड के बारे में आपने पहले बोला था."

इम्तियाज मध्येच म्हणाला, "भाईजान, चाचा तर नाहीच म्हणणार! त्यांना रिक्षासुद्धा जोरात वाटते."

"म्हणूनच," रशीदभाई म्हणाले.

त्या दिवसापासून मिस्त्रींची झोप उडाली, असे वहिनी सांगे. एका माणसाचा जीव आपल्या एका होकारावर टांगलेला आहे, ही गोष्ट त्यांना सहन होत नव्हती आणि टाकूनही देता येत नव्हती.

परदेशातल्या शर्यतीच्या गाड्यांना मागे पंख लावतात, हे इम्तियाजने एका मासिकात पाहिले होते. विमानाला पंख वर उचलतो. हा पंख उलट गाडीला जमिनीवर दाबून धरतो. त्याने चित्र दाखवले. ते लहान होते, धूसर होते, आणि त्यात पंखाचा फक्त कडेचा आकार दिसत होता. मिस्त्रींनी ते दोन दिवस खिशात बाळगले आणि मग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा पहिला पंख तयार केला. अतिशय देखणा होता तो. मध्ये किंचित फुगीर, दोन्ही कडा खाली उतरत्या. वहिनी बघून म्हणाली, "लोक पंख लावतात उडायला, तुमी लावताव बसायला. उलटंच सगलं तुमचं."

लूमना शुक्रवारी सुट्टी असे, म्हणून सराव शुक्रवारी सकाळी. दुपारच्या नमाजाआधी इम्तियाजला परत यायचे असे. मी शाळेतून किरकोळ रजा घेऊ लागलो आणि कारण म्हणून 'घरगुती' असे लिहू लागलो. आयुष्यात हेतुपुरस्सर केलेला खोटेपणा तेवढाच. माझे काम वहीचे. मिस्त्रींनी गाडीच्या मागच्या भागाला आतून एक पेन्सिल बांधली होती, आणि तिचे टोक चाकांच्या दांड्यावर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याला टेकत होते. मागची बाजू दबली की रेघ खाली जाई, उचलली की वर. किती दाबाला रेघ किती उतरते हे आधीच पाहून ठेवले होते. लूमच्या बीमवरचे, म्हणजे रुळावर गुंडाळलेले, ताणे घट्ट राहावेत म्हणून जी लोखंडी वजने टांगतात, ती डिकीत एकेक ठेवून. आणि पंखावर, वर-खाली, सगळीकडे, बोटभर लांबीचे सुताचे धागे खळीने चिकटवले होते. शंभर तरी असतील.

ती पहिली सकाळ मला अजून दिसते. धावपट्टीवर धुके पसरले होते, पट्टीच्या भेगांतून वाढलेल्या गवतावर दव होते, आणि मलंगगड धुक्याच्या वर नुसता टांगल्यासारखा दिसत होता. त्यात ती लाल गाडी, तिच्या पाठीवर पांढऱ्या धाग्यांनी भरलेला पंख, आणि सीटवर उलटे बसलेले काशीमिस्त्री. गाडी सुटली आणि धुक्यात शिरली. दिसेनाशी झाली. केवळ आवाज दूर जात राहिला. परत येताना आधी दिसले ते धागे, गाडी नंतर.

मी डिकी उघडून पुठ्ठा काढला. रेघ वर गेली होती. पंख लावण्याआधीपेक्षाही वर.

इम्तियाज उतरला तो वैतागलेला. "चाचा, ये तो उठाती है! आणखी हलकी झाली!"

शेडमध्ये येऊन मिस्त्रींनी पंख काढला, जमिनीवर ठेवला आणि सवयीने तांब्याभर पाणी त्यावर ओतले. पाणी दोन्ही कडांनी सुंदर ओघळून गेले. ते पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलले. त्यांनी पंख उलटा केला. पुन्हा पाणी ओतले. या वेळी ते मध्ये साचून राहिले आणि त्यात छताच्या लोखंडी कैच्या दिसू लागल्या. मिस्त्री त्या पाण्याकडे किती तरी वेळ पाहत बसले.

"मी छप्पर बनवलं, मास्तर," ते अखेर म्हणाले. "मोटारीच्या पाठीवर छप्पर. तीस वर्सं पानी पाडलं ना, हात दुसरं काय करतील? वादळात छप्पर उडतंच." मग अगदी हळू, कोणी ऐकू नये अशा आवाजात, "आता पानी साचंल असा करायचा."

त्यांना ते मनापासून आवडले नव्हते, हे दिसत होते.

इतक्यात इम्तियाजच्या ओळखीने आणखी दोन पंख आले. एक मुंबईच्या एका गॅरेजने बनवलेला: जाड, सपाट फळीसारखा पत्रा, तिरका बसवलेला. दुसरा परदेशी. फायबरचा, काळा, आरशासारखा, एका व्यापाऱ्याकडून मोठ्या खटपटीने मिळवलेला. तिसरा मिस्त्रींचा नवा, पाणी साचेल असा. मद्रासला यांपैकी एक जायचा होता, आणि कोणता, ते मिस्त्री सांगणार होते. इम्तियाज म्हणाला, "चाचा, जज भी आप, खिलाडी भी आप. ये कैसा मॅच?" मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "म्हनून मास्तर हायेत."

पुढचे तीन शुक्रवार, तीन पंख. सपाट फळीने गाडी दाबली खरी. पण मिस्त्री उतरले ते मान हलवीत. "खालचे धागे नुसते नाचतायत. सरळ एक न्हाय. वारा त्याच्या पोटाखालून चालत न्हाय, पडतो." वेग वाढला की रेघ थरथरत होती, कधी खाली, कधी वर. मुंबईची फळी बाद झाली.

परदेशी पंखाने तर काहीच केले नाही. रेघ जागची हलली नाही. इम्तियाज हताश झाला. मिस्त्री मात्र गाडी थांबल्यावरही तसेच उलटे बसून राहिले होते. म्हणाले, "पंखाला बोल लावू नका. पाय चुकलेत." त्या पंखाबरोबर तो उभा करायचे जे पाय आले होते ते दुसऱ्याच कुठल्या गाडीच्या मापाचे होते, आणि त्यांच्यावर तो डिकीला लागून इतका खाली बसला होता की मधले धागे, ट्रकच्या फाळक्यावरच्यासारखे, पुढे वळून पडले होते. "वारा दमतो तिथं बसवलाय त्याला. बिचारा काय करंल?"

आपल्याच प्रतिस्पर्ध्यासाठी मिस्त्रींनी तिथल्या तिथे, धावपट्टीवर बसून, लोखंडी पट्ट्या वाकवून हातभर उंच पाय केले. मी मनात म्हणालो, असू द्यावा की खाली. मला मिस्त्री जिंकायला हवे होते. मोजणाऱ्याला अशी इच्छा असू नये हे ठाऊक असूनही. नव्या पायांवर चढताच तो काळा पंख जागा झाला. धागे वरून-खालून विंचरलेल्या केसांसारखे मागे गेले आणि रेघ चांगली बोटभर उतरली. त्या सकाळी धुके लवकर विरले होते आणि गाडी जाताना पट्टीवरच्या कापशीच्या म्हाताऱ्या तिच्या मागे ओढल्यासारख्या उडत जात होत्या. मिस्त्री त्यांच्याकडे पाहत होते. पंखाकडे नव्हे.

तिसऱ्या शुक्रवारी मिस्त्रींचा पंख. त्याच पायांवर. त्यांनी तो महिनाभर ठोकला होता. मलमल पसरून, तळवा फिरवून, पुन्हा ठोकून, पुन्हा मलमल. हलका इतका की एका हाताने उचलावा. गाडी गेली, आली, पुन्हा गेली. चार फेऱ्या झाल्या. मी पुठ्ठा काढला आणि दोनदा ताडून पाहिला. परदेशी पंखापेक्षा रेघ आणखी खाली होती. फार नाही, दोन रेघांच्या जाडीएवढी. पण चारही फेऱ्यांत होती. मी आकडा मोठ्याने वाचला.

इम्तियाजने मिस्त्रींना उचललेच. "चाचा! विलायत को हरा दिया! मोड पे गाडी ऐसी बैठी, जैसे किसी ने पीछे से हाथ रखा हो!"

"खाली ठेव रे, मला चक्कर येते," मिस्त्री म्हणाले. पण ते हसत होते. एवढे मोकळे हसताना मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते. कोनला बातमी आमच्या आधी पोचली. वहिनीने सर्वांना चहा दिला आणि म्हणाली, "आता मडगार्ड कोन ठोकनार? का विमानं ठोकनार?"

गाडी रविवारी ट्रकवर चढायची होती. शनिवारी शाळा सुटल्यावर मी शेडमध्ये गेलो. वही पूर्ण करून नेली होती; शेवटच्या पानावर, काहीशा संकोचाने, 'निष्कर्ष' असा मथळा लिहिला होता. मिस्त्री एकटेच होते. पंख उलटा ठेवला होता आणि त्याच्या एका बाजूला त्यांनी खडूची पूड पाण्यात कालवून लावली होती. पांढरा लेप वाळला होता. दुसऱ्या बाजूने ते चिंधीने रॉकेल फिरवीत होते. पाण्याच्या नव्या टाकीचा सांधा ते असाच पारखीत. कुठे केसाएवढी फट असली तर रॉकेल तिच्यातून झिरपते आणि खडूवर काळी रेघ उमटते.

आम्ही दोघे पाहत राहिलो. बराच वेळ काही झाले नाही. खाडीवरून वारा येत होता, टांगलेले पत्रे किणकिणत होते. मग एका रिव्हेटपाशी, पांढऱ्या लेपावर, हळूच एक रेघ उगवली. नखाएवढी. पहाटे आकाशात झाडाची एखादी फांदी दिसू लागावी तशी ती सावकाश स्पष्ट होत गेली.

"रातचंच हाताला लागलं होतं," मिस्त्री म्हणाले. "म्हटलं, माझाच हात थकलाय."

"एवढीशी तर आहे," मी म्हणालो. "एखादे ठिगळ?"

"ठिगळाच्या शेजारी फाटंल. लय ठोकला मी, मास्तर. चांगला झाला होता, तवाच हात आवरायचा. लाडात ठोकला. पत्रा ठोकून ठोकून कडक होतो. दिसतो छान. मंग एक दिवस मोडतो."

दुसरा बनवायला महिना लागला असता. मी जे बोललो ते लिहायला मला आजही कष्ट पडतात. मी म्हणालो, "एक शर्यत तरी निघेल की. आकडा तर तुमच्या बाजूने आहे."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. "तुमचा आकडा खरा हाय. पन तो काल सकाळचा हाय." मग त्यांनी विचारले, "तुमी बसाल त्या गाडीत?"

मी वही मिटली.

"मी बसन. माझा पत्रा हाय, मी बसन. पन त्या पोराला न्हाय बसवनार."

संध्याकाळी भाऊ आले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले, काळा पंख लावा. इम्तियाजला ते खरे वाटेना. तो आधी हसला, मग चिडला. म्हणाला, "चाचा, डर गए क्या? काल तुमचा नंबर पहिला आला!" मिस्त्रींनी त्याला हाताला धरून खडूवरची रेघ दाखवली. इम्तियाज ती बोटाने पुसायला गेला, आणि ती पुसली गेली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा तिथेच उमटली.

रशीदभाईंनी विचारले, "काळा लावला तर? तुमची हाँ?"

मिस्त्रींनी मलमल घेतली. काळ्या पंखावर पसरली. डोळे मिटून सबंध पंखावर, वरून, खालून, पायांच्या सांध्यांवर, प्रत्येक बोल्टवर तळवा फिरवला. अर्धा तास गेला असेल. डोळे उघडून ते म्हणाले, "हां. जाऊ द्या."

गाडी गेली. मागाहून इम्तियाजही रेल्वेने गेला. त्यानंतरच्या दिवसांत मिस्त्री शेडमध्ये येत, पण हातोडी उचलत नसत. मी शाळेतून परत जाताना थांबे. एकदा त्यांनी विचारले, "तिकडं वारा कसा असतो, मास्तर? समुद्राचा असंल ना?" मी म्हणालो, असेल. ते म्हणाले, "खारा वारा जड असतो."

इम्तियाज परत आला. तो चौथा आला होता. पण ते सांगायच्या आधी त्याने, ट्रकवरून गाडी उतरायच्याही आधी, मिस्त्रींच्या पायांना हात लावला. त्याच्या पुढच्या एका गाडीची मागची बाजू ऐन वळणावर सुटली होती, आणि तिला चुकवताना याने जे वळण घेतले ते मागून हलक्या गाडीला झेपले नसते. याहून जास्त त्याने सांगितले नाही. मिस्त्रींनी विचारलेही नाही. "अंग दुखतं का?" एवढेच विचारले.

मग चहा झाला, माणसे जमली, हसणे सुरू झाले, आणि इम्तियाजने भिंतीला टेकवलेल्या मिस्त्रींच्या पंखाकडे बोट करून म्हटले, "चाचा, ये मुझे दे दो. ऑफिसमध्ये लावतो, काचेत. लोकांना सांगीन, विलायतेला हरवणारा पंख."

"लावशील भिंतीवर," मिस्त्री म्हणाले, "आनि परवा तुझा कोनी दोस्त ईल. मला दे एक दिवस, म्हनंल. खडू पुसलेला असंल तवा."

त्यांनी पत्रा कापायची मोठी कातर काढली. मला म्हणाले, "धरा त्या टोकाला." मी धरले. कातर मधोमध शिरली. ॲल्युमिनियम कापताना फार आवाज होत नाही. जाड कागद फाटावा तेवढाच. महिनाभर तळव्याखाली गेलेला तो सुंदर उतार आमच्या दोघांमध्ये दुभंगला, मग त्याचे चार भाग झाले, मग ओळखू येणार नाहीत असे तुकडे झाले. इम्तियाज तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा होता. मिस्त्रींचा हात कुठे अडखळला नाही.

त्याच आठवड्यात माझी बदली झाली आणि माझे कोनला जाणे राहिले. म्हणून त्या दिवसाचा शेवट हेच माझे त्यांना शेवटचे पाहणे. मी निघालो तेव्हा ऊन कलले होते. बसची वाट पाहत रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. उघड्या शेडमधून आरपार दिसले, मिस्त्री मागच्या अंगणात, खाडीच्या बाजूला, एक नवा कोरा पत्रा घेऊन आले. अखंड, न कापलेला, माणसापेक्षा लांब. तो त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि ते वाऱ्यात उभे राहिले. पत्रा थोडा या कुशीवर कलला, थोडा त्या कुशीवर. दारातून वहिनी ओरडली, "अवो, जाताव कुठं उडून? जेवायचं हाय अजून!" त्यांनी ऐकले नसावे. संध्याकाळचा वारा फिरून आता रस्त्याकडून येत होता; पत्रा एकाएकी शिडासारखा त्याने भरला, आणि त्याला न अडवता, हात वर, डोळे बहुधा मिटलेले, ते त्याच्याबरोबर खाडीच्या दिशेने तीन पावले चालत गेले, मग थांबले, मग आणखी दोन.